पट्टा

साखर पेठेत आमचं दुकान, सात बाय नऊ.
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
म्हणून फेसाच्या वाटीतही हात आखडता.

या उन्हाळ्यात रेवणनं, माझ्या भाच्यानं,
दारावर पुठ्ठा टांगला :
‘वस्तऱ्याची दाढी. तीनशे रुपये.’
शेजारीच साध्या दाढीचे साठ.
मी म्हटलं, कोण येणार बे तीनशे देऊन?
आले.

आधी चिलवेरींचा धाकटा आला,
पुण्याची नोकरी घरात बसून करणारा.
मखमली पेटीत स्वतःचा वस्तरा, शिंगाच्या मुठीचा.
किंमत सांगितली त्यानं, तेव्हा
अण्णांनी ऐकू न आल्यासारखं केलं.
मग पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून म्हणाले,
“धार कुठाय बे याला?
भाकरी कापंल. कडक नको, मऊ.”

पोरगा हसला. मी नाही हसले.
कारण तो जुना वस्तरा बंद केला, तो मी.

साल त्र्याण्णव. सिव्हिलमध्ये नवी होते.
कोपऱ्यातल्या खाटेवर एक ट्रक डायव्हर,
त्याच्या ताटाला वॉर्डबॉय हात लावत नव्हता.
त्या संध्याकाळी ड्यूटीच्या साडीतच दुकानात आले,
सगळ्यांसमोर म्हटलं :
अण्णा, आजपासून एका माणसाला एक पातं.
मोडायचं, वापरायचं, टाकायचं.

गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर फेस होता.
तेवढा गाल त्यांनी पुरा केला.
वस्तरा पुसला, मिटला,
आईच्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून
धोकटीच्या तळाला घातला.
बोलले काहीच नाहीत.
दुसऱ्या दिवसापासून ब्लेड मोडू लागले, कट्,
आणि दर कट्‌ला त्यांची पापणी लवायची.
वर्षानुवर्षं लवत राहिली.

पट्टा तेवढा खिळ्यावरून उतरवला नाही.
पट्टा मिलचा. म्हशीच्या कातड्याचा,
शाफ्टवरून मागांकडे पळणारा.
तुटला तेव्हा बोल्ली जॉबरनं हातभर तुकडा आणून दिला,
वर्षभराच्या दाढीच्या बदल्यात.
पुढे मिल गेली. भोंगा गेला,
त्याच्यावर चालणारी आमची सकाळ गेली.
बोल्ली गेला, तेव्हा शेवटची दाढी करायला
अण्णा धोकटी घेऊन त्यांच्या घरी गेले,
आणि त्या दिवशी नवं पातं मोडलं नाही.
परत आल्यावर मला एवढंच म्हणाले,
“त्याला आता काय लागणार आहे?”

आता फळीवर अकरा डबे आहेत स्टीलचे.
ही अट माझी : ज्याचा वस्तरा त्यालाच.
झाकणावर नाव, आत स्पिरिटचा बोळा,
रिटायर झाले तरी नजर ड्यूटीवर.
कातडी खरचटली की तुरटी घेऊन मीच पुढे.

अण्णांचा हात कापतो, गाल त्यांना देता येत नाही.
ते स्टुलावर बसतात, कान पट्ट्याकडे.
रेवण पातं ओढतो, पालटतो, ओढतो.
“दाबतोयस.”
“पाठ टेकव आधी, पाठ.”
“आं. आता वाजला.”
मला सगळे आवाज सारखेच वाटतात.

चिलवेरींच्या पोरानं विचारलं,
हा पट्टा कुठून मागवला आजोबा? मस्त आहे.
अण्णा म्हणाले, “मागवला नाही. चिमणीखालचा हाय.”
त्याला कळलं नाही.
फेस लावलेल्या माणसानं मान हलवू नये,
म्हणून त्यानं पुढे विचारलं नाही.

काल डबे पुसताना मी म्हटलं,
अण्णा, तुमचा वस्तरा अजून चिंधीतच.
त्यालाही एक डबा आणू का?
“नको,” म्हणाले,
“त्याचं एकच गिऱ्हाईक राहिलंय. येईल ते.”

आणि स्वतःच्या गालावरून हात फिरवला,
दोन दिवसांचे पांढरे खुंट,
तो खरखर आवाज मात्र मलाही ऐकू आला.
मग विचारलं,
आज पाणी यायचा दिवस आहे ना गं?